नोव्हेंबरचा जवळा

शिशाचा आकडा स्क्रीनवर आला तेव्हा मी आधी मशीनला शिव्या घातल्या. मग आदल्या दिवशी त्या मशीनवर जो कोणी काम करून गेला असेल त्याला. माझा स्वभावच तसा आहे. काही बिनसलं की आधी दुसरं कोण सापडतंय ते बघायचं, स्वतःचा नंबर शेवटी.

गुरुवार होता, मार्चचा पहिला आठवडा. पाच नमुने होते, पाचही आमच्या खाडीतले, मी स्वतः होडीत बसून काढलेले. खाडीचं पाणी. त्या पाण्यात तरंगणारी, डोळ्यांना न दिसणारी हिरवी प्लवकं. ती खाऊन जगणारे टाचणीच्या टोकाएवढे जीव. त्या जिवांना खाणारा जवळा, म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी. आणि शेवटी बोय मासा. पाण्यात शिसं जवळजवळ नव्हतंच. हिरव्या प्लवकांत पाण्याच्या हजारो पट होतं. बारक्या जिवांत भरपूर. जवळ्यात, माणसाच्या खाण्याला जी मर्यादा ठरवून दिली आहे तिच्या तिप्पट. आणि बोयच्या मांसात पुन्हा नावापुरतं.

आमच्या घरी माझी भावजय तेजस्वी रोज जवळा खात होती. तिला सातवा महिना होता. आणि रोज खा, असं तिला मीच सांगितलं होतं.

आमचं घर वसईत, आचोळ्याच्या पुढे, खाडीच्या अंगाला. भातशेती आता म्हणायला उरली आहे. पण बांधाला जी उघाडी आहे, म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं लाकडी दार, तिच्यापाशी बाबा अजून बोकशी लावतात. बारीक डोळ्यांचं, पिशवीसारखं जाळं ते. ओहोटीला पाणी उतरलं की त्यात जवळा सापडतो. थोडा घरात, थोडा ओळखीपाळखीत, उरलेला वाळवून डब्यात. मी मुंबईत प्रयोगशाळेत काम करते, तिथेच खोली घेऊन राहते. खाडीतले धातू प्लवकांमधून माशांत आणि माशांतून माणसात कसे जातात, हा माझा विषय. बाबांना कोणी विचारलं तर ते ड चा र आणि ळ चा ल करणाऱ्या आमच्या बोलीत सांगतात, "आमची कृतिका पान्यातले किरे मोजते." सांगताना छाती मात्र पुढे काढतात.

नोव्हेंबरात तेजस्वीला तिसरा महिना लागला आणि आईनं मोरीचं कालवण सुरू केलं. मोरी म्हणजे शार्कचं पिल्लू. आमच्याकडे पोटुशी बाईला आणि बाळंतिणीला ती चालायचीच, तिच्यानं अंगावर दूध येतं म्हणतात. मी रविवारी घरी गेले होते. ताट बघितलं आणि माझ्या अंगात आलं. तिथल्या तिथे मी सगळ्यांना बसवून शिकवणी घेतली. पारा कसा चढत जातो, बारक्यातून मोठ्यात, मोठ्यातून आणखी मोठ्यात, आणि मोरी कशी सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेली असते. आईनं तोंडाला पदर लावला. भाऊ दीपेश म्हणाला, "मग आता हिनं खायचं तरी काय, वरणभात?"

मी म्हटलं, थांबा, तपासून सांगते. बाबांकडून उघाडीवरचा जवळा मागवला. पुढच्या आठवड्यात त्यांनी पिशवी भरून दिला. मी तपासला. पारा नाही, शिसं नाही, कॅडमियम नाही, सगळं मर्यादेच्या कितीतरी खाली. मी घरी फोन करून सांगितलं, मोरी बंद, सुरमई बंद, आपला जवळा खुशाल खा, रोज खा, त्यात कॅल्शियम असतं.

तेजस्वी समुद्राकडच्या बागायतवाल्यांची मुलगी. त्यांच्या घरात जवळा कधीतरीच, आणि तोही चटणीपुरता. खाडीच्या जवळ्याचा वास तिला सोसत नव्हता. पण आईनं सांगितलं, शिकलेली ननंद सांगते, मग खायाचाच. आणि ती खात गेली. वांग्यात जवळा, तांदळाच्या भाकरीबरोबर जवळ्याची चटणी, कांद्यावर परतलेला जवळा. मी घरी गेले की मुद्दाम सांगायची, "ताई, आज पण खाल्ला हं." शाळेतली पोरं पाढे म्हणून दाखवतात तशी. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? आमच्या घरात माझ्या शब्दाला पहिल्यांदाच एवढं वजन आलं होतं.

आता समोर तिप्पट होतं.

आणि ते पाचही आकडे एकमेकांशी जुळत होते, हेच वाईट होतं. पारा वर चढतो, पण शिसं तसं वागत नाही. हिरवी प्लवकं ते पाण्यातून ओढून घेतात. त्यातलं काही त्यांच्या अंगावर चिकटून राहतं, काही आतल्या रसात उतरतं, आणि बारके जीव खातात तेव्हा तो रस त्यांच्या अंगी लागतो. पुढे मोठ्या माशात गेल्यावर शिसं त्याच्या काट्यांत, कल्ल्यांत, पोटात राहतं, मांसात फार जात नाही. मासा आपण साफ करतो, पोट काढून फेकतो. जवळा कोण साफ करतं? तो डोक्यासकट, सालासकट, त्याच्या पोटातल्या शेवटच्या घासासकट आपल्या पोटात जातो. मला हे सगळं माहीत होतं. परीक्षेत लिहिलेलं होतं. घरच्या शिकवणीत मात्र मी एकच शिडी काढली होती, पाऱ्याची, आणि बाकीचं त्या नोव्हेंबरच्या पिशवीवर सोडून दिलं होतं.

फेबियन माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. तोही वसईचाच, किनाऱ्याकडचा. त्यानं आकडे बघितले आणि शिट्टी वाजवायला ओठ पुढे केले, पण वाजवली नाही.

"घरी फोन केलास?"

"कशाला? आधी रिपीट करायला नको? कुठलीतरी बाटली घाण असेल."

"असेल. पण फोन करायला काय जातं?"

"चार महिने खा म्हणून सांगितलं, आता नको म्हणू? आणि उद्या आकडा चुकीचा निघाला तर परत खा म्हणू? माझी आई मला उभं करील का?"

तो आपल्या नमुन्यांकडे वळला. त्याचं हे वाद न घालणं मला भयंकर खटकतं.

मी रिपीटला लागले. बाटल्या अॅसिडमध्ये घातल्या, दोन दिवस भिजवल्या, शुद्ध पाण्यानं धुतल्या. नुसतं अॅसिड मशीनमधून सोडून बघितलं, ते स्वच्छ होतं. होडीच्या रंगावर संशय घेतला. जाळ्याच्या शिशाच्या वजनांवर घेतला. आमच्या आळीत ती वजनं माणसं दातांनी दाबून दोरीवर बसवतात. पण मी वापरलं ते जाळं माझं होतं आणि त्याला एकही वजन नव्हतं. जेवायला बसले की उठत होते, उठले की कशाला उठले ते आठवत नव्हतं. मोबाइल दहादा हातात घेतला. आईचं नाव काढलं, बंद केला. दर वेळी मनात तेच, उद्या नक्की कळेल, मग करू.

रविवारी घरी गेले. बोलायचं ठरवूनच गेले होते. ओटीवर चपला काढेपर्यंत ठरवलेलंच होतं. आत गेले तर आई जवळा परतत होती. तेजस्वी पाट घेऊन बसली होती, एक हात पोटावर.

"आज वरण कर की," मी म्हटलं.

"का गो?" आई म्हणाली. "तुना जवला नको झाला?"

"मला नाही. हिला. रोज रोज कंटाळली असेल."

"कंटालली तर कंटालली. तूच सांगितलंस ना? आता निभव."

तेजस्वी हसली. "आता सवय झाली, ताई. आधी नाक दाबून खायचे. आता नाही."

आईनं तिला वाढलं. दोन डाव. मी तिच्या समोर बसले होते. पहिला घास तिनं लिंबू पिळून घेतला. माझ्या जिभेवर वाक्य आलं होतं, "थांब, खाऊ नकोस," इतकं सोपं. पण त्याच्या मागून दुसरं वाक्य लागलं असतं, "मला वाटतं मी चुकले," आणि ते मला म्हणवेना. खात्री नाही, मी स्वतःला सांगत होते. खात्री नसताना पोटुशी बाईला घाबरवायचं का? मी माझ्याही ताटात जवळा वाढून घेतला आणि खाल्ला. त्यानं कोणाचं काय भलं होणार होतं, कोण जाणे. तेजस्वीनं ताट पुसून खाल्लं आणि म्हणाली, "बघा, एक पण ठेवला नाही."

त्या दिवशी मी चहासुद्धा न घेता निघाले. पुढच्या रविवारी काम आहे सांगून गेलेच नाही.

दुसऱ्यांदा आकडा तोच आला. तिसऱ्यांदाही तोच, दशांशात फरक. आता संशय घ्यायला फक्त नोव्हेंबरची पिशवी उरली होती. तो जवळा स्वच्छ कसा निघाला? त्यातला थोडा मी फ्रीजरमध्ये राखून ठेवला होता. सोमवारी सकाळी तो काढला, ट्रेमध्ये उलटा केला आणि बघत उभी राहिले.

पांढरा होता. एकसारखा, टपोरा, काचेसारखा स्वच्छ. एक काडी नाही, एक चिंबोरीचं पिल्लू नाही, गाळाचा कण नाही. आमच्या खाडीचा जवळा कधीच असा नसतो. तो बारीक असतो, करडा, चिखलाचा वास मारणारा, आणि निवडायला बसलं की निम्मा कचरा निघतो. लहानपणी सुट्टीतल्या सगळ्या दुपारी मी तो निवडण्यात घालवल्या आहेत. हा समुद्राचा जवळा होता. ओळखायला मशीन लागत नव्हतं.

मी बॅग उचलली आणि फेबियनला काही न सांगता निघाले.

दुपारी ओहोटी होती. बाबा उघाडीवर होते, गुडघाभर चिखलात, बोकशीची दोरी सोडवत. मला सोमवारी बघून त्यांना आनंदच झाला.

"आज सुट्टी?"

"बाबा, नोव्हेंबरात मला तपासायला दिलेला जवळा कुठला होता?"

"आपलाच."

"आपला?"

त्यांनी दोरी सोडली, हात पाण्यात धुतले. "कलंबचा, दर्यावरचा," ते म्हणाले. "तिथल्या सिप्रियनकरं गेलो सकाली. त्याची होरी नुकती लागली होती. निवडून निवडून घेतला. पैसं पन नाय घेतलं त्यानं, पोरीच्या कामाला हाय म्हनून."

"पण मी खाडीचा मागितला होता!"

"तुझ्या सायबांकरं जायाचा माल तो," बाबा म्हणाले. ते मला समजावत होते. "आपल्या खारीतला गाल पिशवीत भरून देऊ? लोक काय म्हनतील, नरहरीनं पोरीबरोबर काय धारलं? बाहेर जातो तो माल चांगलाच द्यायाचा. तुझं नाव खराब झालं असतं."

आमच्याकडे हे असंच आहे. बाहेर जाणारी भाजी जुडी बांधून जाते, घरात किडकी शिजते. पाहुण्याला पहिल्या धारेचं, आपल्याला तळातलं. ग्रामसेवक पाणी तपासायला आला होता तेव्हा आमच्या आळीनं त्याला वापरातल्या विहिरीचं दाखवलं नव्हतं, देवळाच्या विहिरीचं दाखवलं होतं. मला हे माहीत होतं आणि तरी मी नमुना घरून मागवला होता.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. नावासाठी तेजस्वीला विष घातलंत, असं म्हटलं, ते आठवतं. वरच्या अंगाला नाल्याकाठी जुन्या बॅटऱ्या फोडतात, तुम्हाला दिसत नाही का, असं म्हटलं. बाबा ऐकत होते. चिखलात उभे राहून, हात बाजूला सोडून. त्यांना राग आला नाही, याचा मला आणखी राग आला.

माझं झाल्यावर त्यांनी विचारलं, "पन तू हातात घेतलास तवा तुना वलखला नाय? खारीची पोर ना तू?"

तो टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

मी ओळखला होता. हे लिहिताना हात अडतो, पण तसंच आहे. माझ्या नोंदवहीत त्या दिवशी माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे: रंग नेहमीपेक्षा पांढरा, धुतलेला असावा. धुऊन चिखल जातो, जवळ्याचा आकार वाढत नाही. मला तेव्हाच खटकलं होतं. पण आकडा छान आला होता, प्रयोगशाळेतल्या मॅडम खूश होत्या, घरी सांगायला चांगली बातमी होती, आणि आमची खाडी स्वच्छ आहे हे मला स्वतःला हवंहवंसं वाटत होतं. म्हणून मी "धुतलेला असावा" लिहिलं आणि पान उलटलं.

बाबांनी बोकशी पाण्याबाहेर ओढली. त्यात जवळा होता, करडा, वळवळणारा. त्यांनी तो तसाच खाडीत सोडला आणि जाळं खांद्यावर टाकून माझ्या पुढे चालू लागले.

घरी मी सगळ्यांना एकदमच सांगितलं. आईनं आधी ऐकलंच नाही, मग ऐकलं, मग माजघरातला सुक्या जवळ्याचा डबा उचलून परसात नेला आणि परत आल्यावर हात तीनदा साबणानं धुतले. बाबा आत आलेच नाहीत. तेजस्वी भिंतीला टेकून बसली होती.

"पोटातल्याला काय होईल, ताई?"

"रक्त तपासू," मी म्हटलं. "मग कळेल."

"पण काय होऊ शकतं?"

शिसं आईच्या रक्तातून वारेतून सरळ पलीकडे जातं, आणि बाळाचा मेंदू घडत असतो तेव्हा ते त्यात लुडबूड करतं. हे मी भाषणांमध्ये सांगितलेलं आहे, चित्रं दाखवून. तिला मी एवढंच म्हटलं की ते बाळाला चांगलं नसतं. तिनं मान हलवली.

मंगळवारी रक्त दिलं. मी रजा टाकून घरीच थांबले. दीपेश कामावरून आला की तिच्याजवळ जाऊन बसायचा, माझ्याकडे बघायचा नाही. बाबा दिवसभर बांधावर. मी ओटीवर येरझाऱ्या घालत होते, तर आई म्हणाली, "बस एका जागी. तुझ्या चालन्यानं तिच्या रक्तातलं खाली येनार हाय का?"

शुक्रवारी दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर करून वाचला. पाचाच्या खाली हवं होतं, नऊ होतं. घाबरून जायचं नाही, त्या म्हणाल्या, पण दुर्लक्षही करायचं नाही. जवळा आजपासून बंद. आम्ही सोमवारीच बंद केलाय, आई म्हणाली. कॅल्शियम, लोह, दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त, आणि बाळ झाल्यावर त्याचंही. "शिसं हाडात जाऊन बसतं," त्या म्हणाल्या, "हळूहळू निघतं. बाळाचं आत्ता काही सांगता येणार नाही. वाढताना लक्ष ठेवावं लागेल." वाढताना म्हणजे किती वर्षं, ते कोणी विचारलं नाही.

आई गोळ्या घ्यायला शेजारच्या दुकानात गेली. तेजस्वी आणि मी पायरीवर उभ्या होतो. तिच्या हातात रिपोर्टची फाईल होती.

"ताई, तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं?"

सोमवारी, असं म्हणता आलं असतं. सगळ्यांना तसंच वाटत होतं.

"गेल्याच्या आधीच्या आठवड्यात," मी म्हटलं. "गुरुवारी."

तिनं अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. ओठ हलत होते. एका पेरावर अंगठा थांबला.

"म्हणजे त्या रविवारी तुम्ही जेवायला आलात, तेव्हा माहीत होतं."

"खात्री नव्हती, तेजस्वी. रिपीट करायचं होतं. आकडा चुकीचा असता तर उगाच—"

"सोमवारपर्यंत अकरा दिवस झाले," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खात्री तुम्हाला हवी होती, ताई. मला नुसती शंका सांगितली असती तरी मी ताट सरकवलं असतं."

आई गोळ्यांची पिशवी घेऊन आली, रिक्षाही आली. त्या दोघी मागे बसल्या. तेजस्वीनं फाईल शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली आणि बाहेर बघू लागली. मी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसले.